‘माहेरची साडी’त सायकलची रेस होती का?

भुईकोट_बंटी · रविवार, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार. प्रश्न येडपटासारखा आहे हे माहितीये, तरी विचारतोय कारण घरात माझी पार शोभा झालीये.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या जत्रेच्या) सुट्टीला पुण्याहून सोलापूरला आलो होतो. जेवताना जुन्या पिक्चरचा विषय निघाला आणि मी बायकोला जोरात सांगून बसलो की ‘माहेरची साडी’ मी थेटरात बघितलाय, आईच्या मांडीवर बसून. माझा जन्म ८७चा, म्हणजे तेव्हा चार-पाच वर्षांचा असेन. मला त्यातल्या दोनच गोष्टी आठवतात पण एकदम पक्क्या. एक म्हणजे सगळ्या बायका रडत होत्या. आणि दुसरी म्हणजे शेवटची सायकलची रेस. लांबच्या लांब रेस होती, पब्लिक शिट्ट्या मारत होतं, मागचा एक माणूस आमच्या खुर्चीला लाथा घालत “मार पायडल, मार पायडल” ओरडत होता. हे ऐकून बायको ताटावरून उठली हसत हसत.

रात्री आम्ही अख्खा पिक्चर मोबाईलवर बघितला. अलका कुबल आहे, विक्रम गोखले आहेत, उषा नाडकर्णींची सासू आहे, रडणं तर पोत्यानं आहे. सायकलची रेस नाही. आईला विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, “असंल की, मला काय आठवतंय आता,” आणि तव्याकडं वळली.

तर प्रश्न असा की सोलापुरात कुठली वेगळी प्रिंट आली होती का? किंवा थेटरवाल्यांनी दुसऱ्या पिक्चरचं रीळ चुकून लावलं असेल असं होऊ शकतं का? ९०-९५च्या काळात ज्यांनी थेटरात पिक्चर बघितलेत त्यांनी जरा उजेड पाडा. बाकी त्या काळातल्या पिक्चरच्या आठवणी टाकल्या तरी चालतील.

शेंगाचटणी · रविवार, रात्री १०:५१

अलका कुबल सायकलवर पुढं आणि उषा नाडकर्णी मागनं हांडल धरून पळायली 😂 काय बे बंट्या, सकाळी सकाळी पोट दुखायलंय हसून. (सकाळी नाय, रात्री. मी नाईट शिफ्टला हाय, माझी सकाळच हाय ही.)

अपर्णा_जुळे_सोलापूर · रविवार, रात्री ११:२०

मी ‘माहेरची साडी’ चार वेळा पाहिलाय थेटरात, त्यामुळे अधिकारवाणीने सांगते, सायकल नाही.

९१ साली लागला तेव्हा मी दहावीत. आमच्या गल्लीत टॉवेलचा कारखाना होता, तिथून सेकंड मालाचे नॅपकिन स्वस्तात मिळायचे, कडेला धागा सुटलेले. आई, आत्या, शेजारच्या दोघी अशा निघाल्या की प्रत्येकीच्या पिशवीत एकेक नॅपकिन असायचा. रुमाल पुरत नाही हे पहिल्या वेळेला कळलं होतं ना! तिकीट काढायचं काम माझ्याकडे, कारण लेडीज खिडकीला एवढी रेटारेटी की कुणीतरी काटक लागायचं. हात जाळीच्या भोकातून आत घालायचा, मुठीत पैसे, आणि मूठ सोडायची नाही जोपर्यंत आतल्या माणसाचं बोट लागत नाही. माझ्या मनगटावर त्या पत्र्याचा ओरखडा कितीतरी दिवस होता.

बाहेर मोहोळकडून, मंद्रूपकडून आलेले ट्रॅक्टर उभे. ट्रॉलीत बायका, पोरं, डबे. उषा नाडकर्णी पडद्यावर आल्या की खरंच शिव्या पडायच्या, अगदी म्हाताऱ्या बायका बोटं मोडायच्या. बाहेर पडताना सगळ्यांचे डोळे सुजलेले आणि चेहरे मात्र कसे स्वच्छ, न्हाऊन आल्यासारखे.

विजय कोंडकेंचा सिनेमा तो, दादा कोंडकेंचे पुतणे. आणि मूळ गोष्ट मराठीही नाही, राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’वरून घेतलेली. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं तेव्हा जरा वाईटच वाटलं, आपलीच कुणीतरी बाई परकी निघाल्यासारखं.

तिरकस · सोमवार, सकाळी ८:०५

आलं का पुन्हा ‘आमच्या वेळी’ सुरू. अहो तो रडण्याचा कारखाना होता. सुनेनं छळ सोसायचा, सोसत सोसत जायचं आणि वर पब्लिकनं त्याला संस्कार म्हणायचं. याला कौटुंबिक सिनेमा म्हणत असाल तर कोर्टात रोज कौटुंबिक सिनेमे चालतात. आजच्या मुलीला दाखवा, वीस मिनिटांत उठून जाईल आणि बरोबरच करेल.

अपर्णा_जुळे_सोलापूर · सोमवार, सकाळी ९:३२

तिरकस, तुमचं गोष्टीबद्दल म्हणणं मान्य. माझ्या मुलीला मी स्वतः दाखवला नाही.

पण माझ्या आत्याचं सांगते. तिला घरात रडायची सोय नव्हती. रडली की “काय कमी आहे तुला इथं” हा प्रश्न यायचा. थेटरात तीन तास रडली तरी कुणी विचारत नव्हतं. शिवाय हा एकच सिनेमा असा होता की ज्याला सासवा स्वतःहून पैसे काढून द्यायच्या, जा बाई बघून ये म्हणून. त्यांना वाटायचं सून काहीतरी शिकून येईल. बाकी कुठल्या पिक्चरला जाते म्हणायची टाप नव्हती. हिंदीला तर नाहीच.

रीळवाला · सोमवार, दुपारी १:१५

बंटीभाऊ, तुमच्या रिळाच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. माझे वडील ऑपरेटर होते, २६ वर्षं. थेटरचं नाव घेत नाही, मालकाचं घर अजून ओळखीचं आहे.

दुसऱ्या पिक्चरचं रीळ चुकून लागणं जवळपास अशक्य. प्रिंट पत्र्याच्या पेटीतून यायची, प्रत्येक डब्यावर पिक्चरचं नाव आणि रिळाचा नंबर. एक रीळ हजार फुटाचं, पडद्यावर साधारण ११ मिनिटं. थेटरात दोन-दोन जोडून लावायचे. शुक्रवारी पेटी आली की वडील हाताने सगळी रिळं गुंडाळून तपासायचे, कडेवरून बोट फिरवत, कुठं भोकं फाटलीत, कुठं जोड सुटलाय. त्या बोटाला कायम बारीक चिरा असायच्या, घरी वरणभात कालवताना झोंबायचं म्हणून चमच्याने जेवायचे. आमच्या अख्ख्या गल्लीत चमच्याने जेवणारा एकच माणूस.

मशीन दोन असायची. उजेड कार्बनच्या कांड्यांचा, दोन कांड्या समोरासमोर, मधे ठिणगी, आणि ती जळत जाईल तसं अंतर सारखं करत राहायचं नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून बोंब. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. पहिला ठिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच बदलायचं. मला अजून कुठलाही जुना पिक्चर बघताना नजर आधी त्या कोपऱ्यात जाते. बायको म्हणते हिरोईन इकडं आहे.

रिळं मागं-पुढं लागायची कधीमधी, गाणी तर सर्रास उडवायचे, शेवटचा शो वेळेत सोडायचा म्हणून. ९४ला ‘हम आपके हैं कौन’ आला, तीन तासांच्या वर, गाणी चौदा, अठराच्या पुढं रिळं. वडील म्हणायचे, हा पिक्चर नाही, लग्नाचा मांडव आहे, आवरतच नाही. पण त्यातलं गाणं उडवायची हिंमत कुणाची झाली नाही, पब्लिकला पाठ होती सगळी.

पण सासू-सुनेच्या पिक्चरमधे सायकलची रेस लागली असती तर बायकांनी खुर्च्या उपटल्या असत्या. एक शक्यता म्हणजे इंटरवलमधे दुसऱ्या पिक्चरचा ट्रेलर दाखवला असेल.

भुईकोट_बंटी · सोमवार, दुपारी १:४०

रीळवाला, एक नंबर माहिती. पण ट्रेलर नसणार. रेस खूप वेळ चालली होती, मधे दोघं सायकलवरून उतरून मारामारी करतात आणि परत चढतात असं पण आठवतंय. आणि कुणीतरी डोंगरावरून खाली पडतं.

अक्कलकोटी · सोमवार, दुपारी ३:०२

आमच्याकडं तंबूत बघितला आम्ही ‘माहेरची साडी’, गावच्या जत्रेत. मधे कनात, एका बाजूला बाप्ये एका बाजूला बाया. तंबूत मशीन एकच, त्यामुळं दर रिळाला पिक्चर थांबायचा आन् बल्ब लागायचा. बल्ब लागला की सगळ्या बाया एकमेकींकडं बघायच्या नाहीत, खाली बघून बांगड्या नीट करत बसायच्या. बल्ब गेला की परत मुसूमुसू. सायकल बाहेर होत्या, ५०-६०, पिक्चरमधे नव्हती एकपण.

पोरगं_०३ · सोमवार, दुपारी ४:१०

मी २००३चा, मला यातलं काही रिलेट होत नाही सॉरी 😅 आमचं म्हणजे ‘टाईमपास’ आणि ‘सैराट’. तुमच्याकडे टीनएजर लोकांचे पिक्चर होते का तरी? सगळे काका-मामाच दिसतात हिरो म्हणून.

शेंगाचटणी · सोमवार, संध्याकाळी ५:३०

बाळा, ‘सैराट’ आमच्याच जिल्ह्यात शूट झालाय, करमाळ्याकडं, नागराज मंजुळे जेऊरचा, रिंकू राजगुरू अकलूजची, आम्हाला काय सांगायलास. अन् आमच्यात पण होते की टीनेजर. ‘मैंने प्यार किया’ ८९च्या शेवटाला आला, त्यानंतर आमच्या गल्लीत ६ पोरांनी कबूतर पाळली. ६! चिठ्ठी नेईल म्हणून. एकाचं कबूतर उडालं ते थेट विजापूर वेशीत जाऊन बसलं अन् परत आलंच नाय, मालक अजून बिनलग्नाचा हाय.

अन् भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धनांच्या घरची, म्हणून आमची आई म्हणायची चांगल्या घरची पोरगी हाय, बघितला तर चालतंय. लक्ष्या पण होता त्यात, सलमानपेक्षा शिट्ट्या लक्ष्याला जास्त पडायच्या सोलापुरात.

निशिगंध · सोमवार, संध्याकाळी ६:१२

लक्ष्याचा विषय निघालाच आहे तर, ‘झपाटलेला’मुळे माझं जे नुकसान झालं ते नोंदवते. ९३चा पिक्चर, मी बघितला नंतर, गणपतीत मंडळाने रस्त्यात पडदा लावला होता तेव्हा. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो होतो जागा नव्हती म्हणून, त्यामुळे सगळं उलटं दिसत होतं. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी बनवलेला हे आता माहितीये, तेव्हा तो खरा वाटला. पुढच्या जानेवारीत बाबांनी गड्ड्यात होम मैदानावरून डोळे उघडझाप करणारी बाहुली घेऊन दिली, मी हट्ट करून मागितलेली, आणि रात्री तिला मीच खिडकीतून फेकली. खाली रिक्षा उभी होती, तिच्या टपावर पडली. सकाळी रिक्षा गेली, बाहुली पण गेली. बाबा अजून विचारतात.

शेंगाचटणी · सोमवार, संध्याकाळी ६:२०

अन् ‘थरथराट’मधला टकलू हैवान, राहुल सोलापूरकर! आम्ही शाळेत छाती फुगवून सांगायचो, व्हिलन आपल्या गावचा हाय. आडनाव सोलापूरकर म्हणजे काय सोलापुरात राहतोय होय रे, असं मास्तर म्हणले तरी आमचा विश्वास बसला नाय. मी तर सात रस्त्याला प्रत्येक टकल्या माणसाकडं बघायचो.

संपादक_मंडळ · सोमवार, संध्याकाळी ७:००

धागा सायकलचा आहे, हैवानांसाठी वेगळा धागा काढावा. (मी स्वतः ‘धडाकेबाज’ बघून घरातल्या लोणच्याच्या बरणीत त्यातला बाटलीतला गंगाराम शोधत होतो, पण ते असो.)

पद्मा_पूर्वभाग · सोमवार, रात्री ९:४५

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठीत चूकभूल द्यावी.

बायका सांगून एका पिक्चरला जायच्या आणि बघायच्या दुसराच, हे आमच्याकडे तर ठरलेलंच होतं. माझी आई विड्या वळायची. कारखान्यातून पान आणि तंबाखू वजन करून मिळतं, त्यात हजार विड्या भरून द्यायच्या, कमी भरल्या तर आपल्या पानातून घालायच्या. ज्या दिवशी पिक्चर असेल त्याच्या आदल्या रात्री आई आणि दोन मावश्या दिव्याखाली बसून एक-दोन वाजेपर्यंत वळायच्या. सूप मांडीवर, कात्रीने पान कापायचं, चिमूट तंबाखू, गुंडाळायचं, दोरा. बोलायच्या नाहीत, बोललं की वेग कमी होतो. सकाळी माल जमा केला की दुपारचा शो मोकळा.

९०च्या उन्हाळ्यात चिरंजीवी-श्रीदेवीचा ‘जगदेक वीरुडु अतिलोक सुंदरी’ आला. आमच्या आजोबांना चिरंजीवी म्हटलं तर चाललं नसतं, नाचतो म्हणून. आईने सांगितलं, देवाचा सिनेमा आहे, त्यात इंद्र आहे, मानसरोवर आहे. आणि खोटं नव्हतं ते! श्रीदेवी इंद्राचीच मुलगी आहे त्यात, पृथ्वीवर येते आणि तिची अंगठी हरवते. आजोबांनी नारळासाठी वर दोन रुपये दिले, थेटरसमोरच्या मारुतीला फोडा म्हणून. आईने नारळ घेतला नाही, आम्हाला आईस्क्रीम दिलं.

बंटी, तुमच्या आईने तुम्हाला कुठे नेलं ते मला तरी कळलंय.

शेंगाचटणी · सोमवार, रात्री ९:५३

थांबा थांबा थांबा.

सायकल. मारामारी. डोंगरावरनं पडतंय.

बंट्या, तुझी आई ‘माहेरची साडी’ला गेलीच नाय बे. ‘जो जीता वही सिकंदर’ हाय तो!! आमिर खान! ९२चा!

रीळवाला · सोमवार, रात्री १०:०५

बरोबर. दुपारीच कसं सुचलं नाही मला. मन्सूर खानचा. मामिक सिंग आमिरचा मोठा भाऊ रतन, दीपक तिजोरी श्रीमंत कॉलेजचा. भाऊ दरीत पडतो, मग आमिर त्याच्या जागी रेसला उतरतो. शेवटची रेस भरपूर लांब आहे, मधे सायकलवरून उतरून मारामारी पण आहे. २२ मे ९२ला रिलीज, पण सोलापूरसारख्या गावात प्रिंट नंतर फिरत यायची, म्हणजे जून-जुलै धरा. ‘माहेरची साडी’ तोवर परत परत लागतच होता, त्यामुळे घरी सांगायला नाव एकदम सोयीचं.

अपर्णा_जुळे_सोलापूर · सोमवार, रात्री १०:११

अगं बाई! म्हणजे सासूबाईंनी पैसे दिले सोशिक सून व्हायला आणि सून गेली आमिर खान बघायला. बंटी, तुमच्या मातोश्रींना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

शेंगाचटणी · सोमवार, रात्री १०:३०

तो पिक्चर म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा जीव होता, सांगतोच आता, मशीन पण बंद हाय तास-दीड तास.

पिक्चर बघून आल्यावर चाळीतल्या पोरांनी ठरवलं रेस लावायची, सात रस्ता ते कंबर तलाव, विजापूर रोडनं. सायकल कुणाकडं? भाड्यानं. तासावर मिळायची, काळी, दांडी असलेली, मागं एवढं मोठं कॅरिअर, नंबर लिहिलेला पांढऱ्या रंगानं. दुकानदार एका पोराला एकच सायकल द्यायचा अन् वडिलांचं नाव लिहून घ्यायचा वहीत. तर सात सायकली. पिक्चरमधे त्यांच्याकडं गिअरच्या सायकली अन् टोपी-बिपी, आमच्याकडं भाऊ लुंगीच्या खाली हाफ चड्डी घालून. टोपी म्हणून आईचा स्टीलचा डबा घालणार होता, आईनं हाणला.

मी दहा वर्षाचा, मला कॅरिअरवर बसवलं, म्हणाला तू वजन हाईस, उताराला फायदा हाय. शास्त्र बघा! निघालो. पहिला चौक गेला, दुसरा गेला, भाऊ तिसऱ्या नंबरला. मग ह्याला काय सुचलं, पिक्चरमधल्यासारखं शेजारच्याला लाथ घालायची. पाय उचलला, लुंगी चेनमधे. लुंगी गेली ती गेली, सायकल थांबली जाग्यावर अन् मी थांबलो नाय. माझा पुढचा दात अजून अर्धा हाय, लोक विचारतेत तर सांगतो शेंगा फोडताना गेला.

सायकलवाल्यानं पुढचं चाक वाकडं झालं म्हणून वडिलांकडनं पैसे घेतले, वडिलांनी भावाकडनं वसूल केले पट्ट्यानं. पहिला कोण आला ते आजपर्यंत कुणाला माहीत नाय कारण शेवटच्या टोकाला बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

पोरगं_०३ · सोमवार, रात्री १०:४४

ओके हा मी बघणार 😂 कुठल्या ॲपवर आहे?

तिरकस · सोमवार, रात्री ११:०२

‘सिकंदर’ माझाही आवडता, हे इथे कबूल करणं भाग आहे. त्या वर्षीचं फिल्मफेअर मिळालं त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. त्यातला बाप कुलभूषण खरबंदा, छोटं कॅफे चालवणारा, आणि दोन मुलांत एक लाडका एक उनाड. हे मला घरचंच वाटायचं. मी उनाड होतो. एवढंच लिहितो.

अपर्णा_जुळे_सोलापूर · मंगळवार, सकाळी ७:५०

तिरकस, कधीतरी एवढ्यावर न थांबता लिहा.

आणि ‘हम आपके हैं कौन’बद्दल कुणी लिहिलंच नाही नीट. त्यानंतर खोटं बोलायची गरजच संपली ना! सासू, सून, जावई, पोरंटोरं सगळे एकत्र जाऊ लागले. राजश्री प्रॉडक्शनने लगेच व्हिडिओ कॅसेट काढली नाही, त्यामुळे भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन पिक्चर बघायचा आमच्याकडचा बेत त्याला चालला नाही, थेटरातच जावं लागलं. रेणुका शहाणे, रीमा, लक्ष्या, सगळी आपली माणसं. आणि पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेनसाहेबांनी माधुरीपायी तो साठाहून जास्त वेळा बघितला म्हणतात, आपल्या जिल्ह्याचा विक्रम तिथेही आहे. पण खरं सांगू, मला त्या गर्दीत मजा आली नाही. शेजारी सासूबाई बसलेल्या. हसायचं तेही बेतानं.

भुईकोट_बंटी · मंगळवार, रात्री १०:१५

मंडळी, अपडेट. धागा आईला फोनवर वाचून दाखवला.

पहिल्यांदा म्हणाली “कुणी सांगितलं तुला?” म्हणजे गुन्हा कबूलच. मग म्हणाली ही लोकं कोण आहेत, आपल्या गल्लीतली आहेत का. नाही म्हटल्यावर सुरू झाली.

तर झालं असं. आई आणि धाकटी काकू ‘माहेरची साडी’ खरोखर दोनदा बघून आल्या होत्या, आजीनेच पाठवलं होतं. तिसऱ्या वेळेला काकूने विषय काढला की मला परत तेच रडगाणं बघायचं नाही, माझं लग्न होऊन आठच महिने झालेत. काकूला कॉलेजपासून आमिर खान आवडायचा, ‘कयामत से कयामत तक’पासून. आजीला सांगितलं ‘माहेरची साडी’, आजीने पैसे दिले, आणि माझं लोढणं गळ्यात घातलं. दोघी सुना एकट्या जाऊ नयेत म्हणून पाच वर्षांचा पुरुष सोबतीला.

आता खरी गोष्ट पुढं आहे. येताना रिक्षात दोघींनी मला पढवलं. आजीनं विचारलं पिक्चर कसा होता, तर काय सांगायचं? “सगळ्या बायका रडत होत्या.” काकूने माझ्याकडून पाच-सहा वेळा घोकून घेतलं, प्रत्येक वेळेला बरोबर म्हटलं की एक लिमलेटची गोळी. म्हणजे मला जे तीस-बत्तीस वर्षं “पक्कं आठवतंय” त्यातली एक गोष्ट पडद्यावरची आहे आणि दुसरी रिक्षातली. बायका रडताना मी बघितल्याच नव्हत्या. थेटरात भाऊ दरीत पडला तेव्हा काकू तेवढी रडली म्हणे, ती पण माझ्यामागं तोंड लपवून.

निशिगंध · मंगळवार, रात्री १०:२१

😳😳 आणि आजींना सांगितलंत का बरोबर?

भुईकोट_बंटी · मंगळवार, रात्री १०:३४

तेच तर. आई म्हणते घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी आजीच्या मांडीवर बसलो आणि न विचारता सांगितलं, सगळ्या बायका रडत होत्या. आई आणि काकूने सुटकेचा श्वास टाकला, स्वयंपाकघरात गेल्या. आजीने विचारलं, मग पुढं काय झालं? तर मी उठून, तोंडाने घंटी वाजवत, अंगणात अख्खी रेस करून दाखवली. पडला, उठला, मारामारी, जिंकला. दोघी आत परातीसमोर बसून ऐकतायत, कणकेत हात तसेच.

आजीने सगळं ऐकून घेतलं, अडकित्त्याने सुपारी कातरत. मग आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला विचारलं, “आन् सासू? सासू पडली का न्हाई सायकलवरनं?”

पुन्हा आयुष्यात त्यावर एक अक्षर बोलली नाही. आजी २००९ला गेली.

शेंगाचटणी · मंगळवार, रात्री १०:३६

आजी लई भारी होती बे. खल्लास.

रीळवाला · मंगळवार, रात्री १०:५०

हे वाचून दाखवायला वडील पाहिजे होते. ते वरच्या खिडकीतून खाली बघायचे, म्हणायचे अंधारात कोण कुठल्या पिक्चरला आलंय ते मला विचारा, मी कुणाच्या घरी सांगत नाही.

पद्मा_पूर्वभाग · मंगळवार, रात्री ११:०५

बंटी, काकू कुठे असतात आता? त्यांना पण वाचून दाखवा.

भुईकोट_बंटी · बुधवार, सकाळी ९:२०

काकू सोलापुरातच, विजापूर रोडला. येत्या रविवारी मी येतोय, घरच्या टीव्हीवर ‘सिकंदर’ लावायचा ठरलाय, दोघी शेजारी बसणार. काकूने फोनवर अट घातली की या वेळी बंटीने मांडीवर बसायचं नाही.

अपर्णा_जुळे_सोलापूर · बुधवार, सकाळी ९:४१

एक राहिलंच. तिकीट कुठलं काढलं होतं, खालचं की बाल्कनी?

भुईकोट_बंटी · बुधवार, सकाळी १०:०२

विचारलं. बाल्कनी. आजीने दिलेल्या पैशात दोघींची बाल्कनी बसत नव्हती. वरचे पैसे कुठून आले ते आई सांगायला तयार नाही, काकू म्हणते रविवारी बघू.